त्याला विचारता येत नाही

दादा जाता जाता म्हणाला, "एवढं बोलतेस या कुत्र्याशी, पण त्याला नुसता तुझा सूर कळतो. शब्द नाहीत." तो गेला झोपायला. मी बसले ते धरून.

बरं, ते खरंही नाही. 2016 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये न हलता पडून राहायला शिकवलं आणि तपासलं. शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा सूर, दोन्ही एकत्र आले तरच मेंदूतला खुशीचा भाग जागा व्हायचा. लाडाच्या सुरात भलताच शब्द म्हटला तर नाही. हे दादाला पाठवलं. त्याने नुसता अंगठा दाखवला.

पण मला खुपतंय ते वेगळंच. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलता येणं, हे भाषाशास्त्रज्ञ हॉकेट यांनी 1960 मध्ये मांडलेल्या भाषेच्या लक्षणांपैकी एक. आफ्रिकेतली व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळी हाळी देतात, पण धोका आत्ता असेल तेव्हा. कालच्या बिबट्याची गोष्ट कुणी कुणाला सांगत बसत नाही. मधमाशीला मात्र जमतं! अंधाऱ्या पोळ्यात नाचून ती लांबच्या फुलांची दिशा आणि अंतर सांगते. प्राणिशास्त्रज्ञ फॉन फ्रिश यांनी तो नाच उलगडला, 1973 चं नोबेलही मिळवलं. एवढ्याशा माशीला येतं, आणि आमचा हा रोज संध्याकाळी बाबांच्या खोलीच्या दाराशी उभा राहून माझ्याकडे बघतो. बस, बघतो. मला त्यात प्रश्न दिसतो. दादा म्हणेल, सवय आहे.

असेलही सवय. पण प्रश्न असला तर? त्याला विचारता येत नाही आणि मला सांगता येत नाही. इतकी सगळी लक्षणं असलेली भाषा आहे आमच्याकडे, भूतकाळासकट. त्या खोलीबद्दल मी आणि दादा तरी... जाऊ दे.

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातला ड्रोंगो पक्षी धोक्याची खोटी हाळी देतो, मीरकॅट (मुंगसाच्या कुळातले छोटे प्राणी) घास टाकून पळतात आणि तो घास हा उचलतो. थापा मारायला व्याकरण लागत नाही म्हणायचं. आज कळलं की आमचे महाशय सकाळी माझ्याकडे खाऊन लगेच वहिनीपुढे उपाशी तोंड करून बसतात आणि दुसऱ्यांदा वाडगं भरून घेतात. किती दिवस चाललंय देव जाणे. वहिनीला अजून सांगितलेलं नाही; तिला वाटतं, तिच्या हातचंच तो आवडीने खातो.