आबांचं अर्धं गाव

"आबा लई हट्टी झालेत," खुर्चीत बसायच्या आधीच सूनबाई म्हणाल्या. ताटातली उजवीकडची भाजी संपवतात, डावीकडची भाकरी तशीच ठेवतात आणि 'मला पोटभर वाढत न्हाईत' म्हणून ओरडतात. ताट फिरवून ठेवलं की मग उरलेलं निमूट खातात. दाढीही एकाच गालाची करतात. मुलाची काळजी वेगळीच होती. आबांना ट्रॅक्टर चालवायचा होता. चालवू द्यावा का?

महिनाभरापूर्वी आबांना पॅरालिसिसचा अटॅक आला होता. मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. डाव्या हातात थोडी कमजोरी राहिली होती, पण ते स्वतःच्या पायांनी चालत आले आणि बोलणं तर खणखणीत. डिस्चार्जच्या कागदावर बोलणं आणि स्मरणशक्ती ठीक असल्याची नोंद होती. ती खरीच होती. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते, आणि अशा नोंदीनंतरच मला जास्त खोलात जावंसं वाटतं.

सुरुवात 'मोका'ने केली. स्मरणशक्ती, लक्ष, विचार करणं हे सगळं थोडक्यात तपासणारी, मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली ही चाचणी 2005 साली प्रसिद्ध झाली. गुण 30, आणि 26 किंवा जास्त मिळाले तर सहसा ठीक मानतात. आबा चौथी शिकलेले. कमी शिक्षणासाठी एक गुण वाढवून देतात, पण ज्याने पेन्सिल कधीतरीच हातात धरली त्याला तेवढ्याने न्याय मिळतो असं मला वाटत नाही. तरीही सांगितलेल्या पाच शब्दांपैकी चार त्यांना नंतर आठवले. तारीख, वार तर सांगितलेच, वर "आज एकादशी हाय, उपास हाय माझा" हेही. मग घड्याळ काढायला सांगितलं. 12 ते 6 आकडे जागच्या जागी आले. पुढचे आकडेही उजवीकडेच दाटीवाटीने कोंबले, आणि डावीकडचं अर्धं वर्तुळ कोरं राहिलं.

चित्र काढणं, आकडे-अक्षरं जोडणं, घड्याळ, या सगळ्याला मिळून 30 पैकी फक्त 5 गुण आहेत. माणूस बोलका असला की बाकीच्या गुणांवर तो सहज तरून जातो आणि खरा दोष झाकला जातो. म्हणून मेंदूच्या उजव्या बाजूचा झटका आलेल्या प्रत्येकाला निदान रेघांची चाचणी तरी द्यावी, असा माझा आग्रह असतो. कागदभर विखुरलेल्या 40 छोट्या रेघा असतात, प्रत्येकीवर फुली मारायची. पाच मिनिटंही लागत नाहीत.

आबांनी उजवीकडच्या सगळ्या रेघांवर फुल्या मारल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झालं, आबा?"

"झालं की. एक बी ऱ्हायली न्हाय."

डोळ्यांचा दोष असेल का, हे पाहणं गरजेचं होतं. समोर बसून मी डावीकडे बोट हलवलं, त्यांना दिसलं. डाव्या हाताला स्पर्श केला, कळला. दोन्ही हातांना एकदम स्पर्श केला तर मात्र म्हणाले, "उजव्या." डावीकडून येणारं मेंदूपर्यंत पोचत होतं, पण त्याच वेळी उजवीकडे काही असलं की डावीकडे लक्षच जात नव्हतं. याला 'निग्लेक्ट' म्हणतात.

मग कागद बाजूला ठेवले. "आबा, तुमच्या गावात एसटीतून उतरलाय. मारुतीच्या देवळाकडं तोंड करून उभे आहात. वाटेत काय काय आहे?"

"पिठाची गिरणी, सोसायटीचं हापिस, खताचं दुकान."

मुलगा काही बोलणार होता, मी त्याला खुणेनेच थांबवलं. "आता देवळाच्या पायरीवर उभं राहून स्टँडकडं बघा."

"शाळा. दूध डेअरी. पाटलांचा वाडा." एवढंच. गिरणी, सोसायटी, दुकान गायब.

इटलीतल्या बिसियाक आणि लुत्झात्ती यांनी 1978 साली मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक रुग्णांना असाच दोन्ही टोकांकडून आठवायला लावला होता. प्रत्येक रुग्णात हे दिसत नाही. आबांच्या बाबतीत मात्र लख्ख दिसलं. सगळं गाव त्यांच्या आठवणीत शाबूत होतं. फक्त ज्या वेळी जी बाजू डावीकडे येईल, ती हरवत होती.

मुलगा हळूच म्हणाला, "म्हंजे ते मुद्दाम न्हाई करत." सूनबाईंनी लगेच विचारलं, "मग भाकरी कुठं ठिवू?" इतका कामाचा प्रश्न मला क्वचितच कुणी विचारतं. मी सांगितलं, औषधं, पाणी, मोबाइल सध्या उजवीकडेच असू द्या, त्यात धोका नको. भाकरी डावीकडेच ठेवा, पण ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा. जेवताना 'आबा, लाल पट्टी शोधा' म्हणा आणि ती सापडेपर्यंत त्यांना मान वळवू द्या. बोलायला त्यांच्या डाव्या बाजूला बसा.

ट्रॅक्टरबद्दल मी आबांशीच बोलले. ते चिडले. "मला समदं दिसतंय की!" या आजारात आपल्याला काही दिसायचं राहतंय हेच अनेकदा कळत नाही, त्यामुळे नुसतं सांगून उपयोग नव्हता. मी तोच रेघांचा कागद उलटा फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. फुल्या नसलेल्या रेघा आता उजवीकडे आल्या.

आबा बराच वेळ बघत राहिले. "ह्या मगाशी हुत्या?"

"होत्या, आबा."

ट्रॅक्टरची किल्ली मुलाकडे राहील, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण पुढच्या महिन्यात पुन्हा तपासू आणि तोवर रोज घरी सराव करू, याला मात्र ते तयार झाले. रेघांचा एक कोरा कागद त्यांनी मागून घेतला.