आमची वाटचाल : गळती शोधायचं काम

लोक आम्हाला वॉटरप्रूफिंगवाले समजतात, पण आम्ही गळती शोधतो, केमिकल विकत नाही. हा फरक पटवण्यातच सुरुवातीची कितीतरी वर्षं गेली, कारण केमिकलचा डबा डोळ्यांना दिसतो आणि नुसतं शोधून दिल्याचे पैसे द्यायचे म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं.

सुरुवातीला मी आणि आमचे मिस्त्री, दोघंच. हत्यारं म्हणजे छोटी हातोडी, खडू आणि पाण्याचा पाइप. मिस्त्री हातोडी वाजवत गच्चीभर फिरायचे आणि कोबा जिथे बद्द वाजेल तिथे खडूने गोल करायचे. पुढे मॉइश्चर मीटर आला, हप्त्यावर थर्मल कॅमेरा घेतला, तरी पिशवीत पहिली हातोडीच जाते. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही हो, त्याला पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दिसतो, एसीचा झोत छतावर बसत असेल तरी तसाच गार डाग दाखवतो. म्हणून डागावर मीटर लावायचा, आणि मीटरवरही डोळे झाकून विश्वास नाही, प्लास्टरला खार फुटला असेल तर पिनवाला मीटर कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो. गच्ची वरून बघायची तर दिवसभर कडक ऊन पडून गेल्यावर, सूर्य मावळला की, कारण ओला कोबा उशिरा गार होतो.

मग ते प्रकरण झालं. एका बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकत होतं. आम्ही सांगितलं, पाणी हुकाच्या वरून येत नाहीये, पार दुसऱ्या टोकाला अँटेनाच्या स्टँडचे बोल्ट स्लॅबमध्ये मारलेत, तिथून शिरून वायरिंगच्या पाइपातून इथवर येतंय. तेवढ्यात दुसरा एकजण आला, जो आमच्या मिस्त्रींच्या हाताखालीच शिकलेला. तपासणी फुकट, अख्ख्या गच्चीला कोटिंग, वर लांबलचक गॅरंटी. आमचं बिल अडकलं ते अडकलं, वर हा माणूस सगळीकडे सांगत सुटला की हे कॅमेरा दाखवून लोकांना घाबरवतात. फोन यायचे बंद झाले, कॅमेऱ्याचे हप्ते थकले, मिस्त्रींनी पगार मागितला नाही म्हणून दुकान उघडं राहिलं.

आणि एका काकूंमुळे. त्यांना सगळ्यांनी कोबा फोडायला सांगितला होता. आम्ही विचारलं, पाऊस नसतानाही ओल वाढते का? वाढत होती. टाकीच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवला तर ओल वाढायची थांबली, जॉइंट गळत होता, गच्ची ठणठणीत. त्या वाईट काळात काकूंनी आपल्या सगळ्या नातेवाइकांची घरं आमच्याकडे दिली, एकदाही भाव केला नाही.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो, छताला आतून कोटिंग मारून डाग झाकू नका. पाणी स्लॅबमध्येच कोंडतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फुटून खाली येतं. पाइपने पाणी मारून बघायचं तर खालच्या भागापासून सुरू करा, एका जागी पुरेसा वेळ द्या, मग वर सरका, नाहीतर नक्की कुठून शिरलं ते कधीच कळणार नाही. आणि पंख्याच्या हुकातून पाणी येतंय तर आधी मेन स्विच बंद.

त्या बिल्डिंगचं म्हणाल तर पुढच्याच पावसात तोच हुक ठिबकायला लागला आणि गॅरंटीवाला फोन उचलेना. आम्हाला परत बोलावलं. स्लॅब वजन घेईल ना ते आधी इंजिनिअरकडून बघून घेतलं, कारण 25 मिलिमीटर पाणी साठवलं तरी दर चौरस मीटरला 25 किलो भार येतो, मग बांध घालून एकेका भागात रंगीत पाणी साठवलं. रंग हुकातून उतरला तो बोल्टवाल्या भागाचाच. या तपासणीचे पैसे त्यांनी लगेच दिले. जुन्या रिपोर्टमध्येही हीच जागा लिहिली होती, त्याचं बिल मात्र अजून बाकी आहे.