टाळ कुणाचा चालू आहे?

मी कामावरून घरी पोहोचलो की टीव्हीचा आवाज आपोआप कमी होत असे, इतकी माझ्या रागाची घरच्यांना सवय झाली होती. दहा दिवसांचे मौनाचे एक शिबिर करून मी श्वासाकडे पाहायला शिकलो होतो. पण ती शांतता डोळे मिटलेले असेपर्यंतच टिकली आणि घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी सांडलेल्या दुधावरून मी मुलाला नको ते बोललो. म्हणून 2023 साली माउलींच्या पालखीबरोबर एका ओळखीच्या दिंडीत पुण्याहून निघालो तेव्हा, खरे सांगायचे तर, फारशी अपेक्षा नव्हती.

14 जूनला एकादशी होती. पुणे ते सासवड हा वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा, पोटात उपवास, पाऊस लांबलेला आणि दिवे घाटात सावलीचा पत्ता नाही. मला हौसेने टाळ दिला होता. अर्ध्या घाटात दोरीने बोटे सोलवटली आणि मी त्राग्याने टाळ आपटू लागलो, तेव्हा शेजारचे वृद्ध टाळकरी पुढे पाहतच म्हणाले, "माउली, स्वतःचा वाजवू नका. माझा ऐका, तुमचा आपोआप पडेल." मी ऐकू लागलो. पाऊल, टाळ आणि नाम एका ठिकाणी पडायला बराच वेळ गेला, परंतु पडले तेव्हा बोटांची आग तशीच असूनही तिच्याविषयीची माझी कुरकूर थांबलेली होती. वेदना आणि कुरकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिबिरात शब्दांनी कळले होते. घाटात ते हाताला कळले.

एवढे कळूनही त्याच संध्याकाळी सासवडच्या तळावर माझे पितळ उघडे पडले. दिंडीच्या ट्रकमध्ये पाण्याचा कॅन गळून माझी पिशवी भिजली होती आणि सामान उतरवणाऱ्या पोराला मी सगळ्यांदेखत झाडले. तो काही न बोलता वाकला, माझ्या पायांना हात लावून "चुकलं माउली" म्हणाला आणि पुढची पिशवी उचलू लागला. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, पण त्या वेळी माझ्या हातून उलट नमस्कारही झाला नाही.

ज्या गोष्टीने मला पुढे धरून ठेवले, ती लोणंदला पाहिली. तोवर मुक्कामी पोहोचताच मी तंबूत पाय चेपत पडून राहत असे. त्या दिवशी पहिल्यांदा समाजआरतीला तळावर गेलो. पालखीभोवती दिंड्या गोलाकार उभ्या असतात आणि टाळ-मृदंगाचा इतका कल्लोळ असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार दंड उंचावून "होऽऽऽ" अशी हाक देतात आणि तो सारा नाद एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. त्या दिवशीही एका कोपऱ्यात टाळ चालू राहिले. चोपदार तिकडे गेले, म्हणणे ऐकून घेतले, तेव्हा ते टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्या वस्तू आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली गेली, आरती झाली. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात तक्रारीला ही अशी जागा आहे, याचे मला फार नवल वाटले. तिथे तक्रार करणाऱ्याला कोणी गप्प बसवत नाही; बाकीचे गप्प होतात, म्हणून तक्रार नेमकी कुठली ते कळते.

मी आजवर राग आला की एक तर तो दाबत होतो, नाही तर सगळेच टाळ एकदम बडवत होतो. तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम मागे पडत गेले तसा मी एक साधा परिपाठ ठेवला: डोके तापले की दोन-चार पावले काही बोलायचे नाही आणि आत कोण वाजवत राहिले आहे ते ऐकायचे. बहुतेक वेळा ती पाण्याची रांग किंवा कोणाचा लागलेला धक्का नसे. झोप अपुरी झालेली असे किंवा सकाळी फोनवर ऐकलेले एखादे वाक्य सलत असे. वाखरीच्या आधी त्या पोराला गाठून मी त्याच्या पाया पडलो. त्याला सासवडचा प्रसंग आठवतही नव्हता, आणि मी काय म्हणतो आहे हे त्याला कळेपर्यंत आम्ही दोघेही अवघडलो.

घरी आल्यावर पहिले दोन महिने हे रोज जमले, मग विस्कटले, मग पुन्हा सुरू केले. पत्नीला लोणंदची हकीकत सांगितली होती. आता माझा चेहरा पाहिला की ती स्वयंपाकघरातूनच विचारते, "आज कुणाचा टाळ चालू आहे?" कधी लगेच उत्तर सापडते, कधी मी तिच्यावरच खेकसतो आणि चहा होईपर्यंत मग सांगतो. मुलगा टीव्हीचा आवाज अजूनही कमी करतो.