नजरेला नजर

चिनी भाषा शिकायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात तिथल्या शिकलेल्या पोरांची दोनच चित्रं होती, एक सरकारची भाषा पाठ करणारी आणि दुसरी मनातल्या मनात सरकारवर चिडलेली. लँग्वेज एक्सचेंजमध्ये भेटलेली वुहानची मैत्रीण मात्र या दोन्हीत बसत नाही.

तिनेच मला 'पिंगशी' हा शब्द शिकवला, म्हणजे वर मान करून नाही, खाली बघूनही नाही, सरळ नजरेला नजर देऊन बघणं. मार्च 2021 मध्ये शी जिनपिंगच म्हणाले होते की चीन आता जगाकडे असं बघू शकतो. पण तिचा अभिमान भाषणातनं आलेला नाही हो, ती 11 वर्षांची असताना बीजिंग ऑलिंपिक झालं, दोन वर्षांनी चीनच्या अर्थव्यवस्थेने जपानला मागे टाकलं, हायस्पीड ट्रेन तिच्या डोळ्यांदेखत आली, हे सगळं ती जगलीये. जानेवारी 2025 मध्ये टिकटॉक बंद होणार म्हणून अमेरिकन लोक शाओहोंगशू या चिनी अ‍ॅपवर धडकले आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना दवाखान्याची बिलं नि पगार विचारत बसले, तेव्हा ती रात्र रात्र जागून वाचत होती. मला म्हणाली, आम्हाला वाटायचं तिकडे सगळं सोपं असतं.

आणि हीच मुलगी मास्टर्स करून घरी बसलेली. जून 2023 मध्ये शहरांतल्या 16 ते 24 वयातल्या तरुणांची बेकारी 21.3 टक्क्यांवर गेली आणि त्यानंतर काही महिने सरकारने आकडेच दिले नाहीत. त्याच वर्षी तिथली पोरं स्वतःला खोंग यीजी म्हणायला लागली, चिनी लेखक लू शुनच्या 1919 च्या गोष्टीतला तो गरीब पंडित, खायचे वांधे पण विद्वानाचा लांब झगा काही उतरवत नाही. सरकारी माध्यमांनी समजावलं, झगा उतरवा, मिळेल ते काम करा. पोरं भयंकर चिडली आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण तो झगा त्यांच्या अंगावर चढवायला आईबापांनी आयुष्यभराची कमाई लावलेली असते.

तरी बाहेरच्या कुणी चीनला नावं ठेवली की ती लगेच उसळते. मला हे कळतं, घरातलं भांडण पाहुण्यासमोर कोण काढतं?

शेवटी तिने केंद्राच्या सरकारी नोकरीची परीक्षा दिली. 2025 च्या भरतीत जागा 39,700 आणि पात्र अर्ज 34 लाखांच्या वर, एमपीएससी करणाऱ्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको. या वेळी नाही झालं तिचं. आता पुन्हा बसणारे, रात्री अकरानंतरच बोलायला मोकळी होते.