तुम्ही विचारलंत म्हणून : ते धुवायचं कशानं?

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास दुकानातली गर्दी ओसरते, तेव्हा एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. आधी डोकेदुखीच्या गोळ्या मागतं. मग खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या. पैसे देऊन होतात, सुटे मोजून होतात, तरी पाय काही निघत नाही. मग आवाज खाली येतो. "काकू, जरा विचारायचं होतं. माझं नाही हो, आमच्या ओळखीत एकीनं ऑनलाइन मागवलंय ते... मसाजरसारखं असतं ना, ते. ते धुवायचं कशानं?"

ही ओळखीतली एक बाई गेली दहा वर्षं सगळ्यांच्याच ओळखीत आहे. पुरुष येतात तेव्हा ती मित्राची बायको असते. माझं औषधांचं दुकान मुंबईच्या उपनगरात आहे. सव्वीस वर्षं काउंटरच्या आत उभी आहे, त्यामुळे मी ओळखीतल्या त्या बाईची चौकशी करत नाही. मी एकच उलटा प्रश्न विचारते : "ते कशाचं आहे?"

यावर बहुतेक जण गप्प होतात. त्या व्हायब्रेटरचा, म्हणजे लैंगिक सुखासाठीच्या थरथरणाऱ्या उपकरणाचा, रंग सांगता येतो, किंमत सांगता येते, चार्जिंग किती वेळ टिकतं तेही. कशाचं आहे, हे ठाऊक नसतं. आणि धुण्याची सगळी गोष्ट तिथेच तर असते.

माझी आजी भांड्यावर टिचकी मारून धातू सांगायची. पितळेला चिंच, लोखंडी तव्याला घासून लगेच कोरडं करून तेलाचं बोट, कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवायचं नाही. हे तिला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. आपल्यालाही नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावायची नाही हे कळतं. मग शरीराच्या सगळ्यात नाजूक जागी जी वस्तू जाणार, ती कशाची आहे हे विचारायला जीभ का अडखळते?

मीही शहाणी नव्हते, हे आधी कबूल करते. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पाळी जायला लागली, कोरडेपणा आला, संबंध दुखायला लागले. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी इस्ट्रिऑल या स्त्री-संप्रेरकाचं क्रीम दिलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "एखादा छोटा व्हायब्रेटर वापरून बघा. त्या भागाचा रक्तपुरवठा सुधारतो." घरी येऊन मी फोनवर सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी उघड दिसणारा शोधला. आला तो गुलाबी, आरपार दिसणारा आणि मऊ. खोका उघडला तर नव्या पावसाळी चपलेचा वास. फार्मसीची पदविका घेतलेल्या बाईला त्या वासानं तिथेच थांबवायला हवं होतं. मी काय केलं? हाताला सवय म्हणून सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवला आणि काम झालं समजले. दोन-तीनदा वापरला. आठवड्यानं बघते तर वरचा थर चिकट झालेला, बोटाचे ठसे उमटत होते. आणि मला आग व्हायला लागली ती वेगळीच. डॉक्टरांनी तपासलं, वस्तूचं वर्णन ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?"

तो वास बहुधा मऊ केलेल्या पीव्हीसीचा होता. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या नळाच्या पाइपासारखं. त्याला लुसलुशीत करायला त्यात थॅलेट वर्गातली रसायनं मिसळतात आणि ती प्लॅस्टिकला घट्ट बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर येत राहतात. म्हणून निवडताना पहिली परीक्षा नाकाची. वास येत असेल, हाताला तेलकट किंवा चिकट लागत असेल, काचेसारखं आरपार असूनही मऊ असेल, तर ते सिलिकॉन असण्याची शक्यता फार कमी, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

घ्यायचं काय मग? सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच, स्टेनलेस स्टील. एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिकही चालतं. या सगळ्यांना सूक्ष्म छिद्रं नसतात, त्यामुळे वर लागलेलं वरच राहतं आणि धुतलं की जातं. काच म्हटल्यावर लोक दचकतात, पण ही प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची काच. फक्त टवका उडालेला नाही ना, हे दर वेळी बोट फिरवून बघायचं. स्वस्तात मिळणारं, त्वचेसारखं मऊ लागणारं जे असतं ते बहुतेक टीपीई नावाचं रबरासारखं प्लॅस्टिक. ते सच्छिद्र. स्पंजाइतकं नाही, पण तत्त्व तेच : आत गेलेलं पूर्ण बाहेर येत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये बारा स्त्रियांचा एक छोटासा अभ्यास झाला होता. त्यात टीपीईच्या व्हायब्रेटरवर, धुऊन चोवीस तास झाल्यावरही, काहींच्या बाबतीत एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूचा, अंश सापडला. सिलिकॉनच्या व्हायब्रेटरवर चोवीस तासांनी सापडला नाही. बारा जणी म्हणजे काही फार नव्हेत. तरी मला सल्ला द्यायला तेवढं पुरेसं आहे : टीपीईचं असेल तर दर वेळी कंडोम चढवून वापरा, दुसऱ्याला देऊ नका आणि रंग बदलला, चिकटपणा आला की टाकून द्या. पैसे गेले म्हणून हळहळू नका.

आणखी एक, आणि हे मी कुणाचं तोंड लाल झालं तरी सांगते. मागच्या बाजूनं वापरायची वस्तू असेल तर तिचं बूड पसरट हवंच. गुदद्वाराचा स्नायू वस्तू आत ओढून घेतो आणि तिथून पुढे आतडं कितीही लांब आहे. इस्पितळांच्या अपघात विभागात अशा केसेस येतात आणि माणसं लाजेनं दोन दोन दिवस थांबून येतात. अशा सगळ्याच लैंगिक वस्तूंसाठी २०२१ मध्ये आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एक आंतरराष्ट्रीय मानकही निघालं, आयएसओ ३५३३. त्यामागेसुद्धा या अडकलेल्या वस्तूंचाच अनुभव होता. मागे वापरलेलं न धुता पुढे आणायचं नाही, हे तर आईनं लहानपणी शी धुताना शिकवलेलंच आहे. नियम बदलत नाही.

आता धुणं. मोटार नसलेलं सिलिकॉन, स्टील किंवा बोरोसिलिकेट असेल तर काम सोपं : आधी साबण-पाण्यानं धुवायचं, मग उकळत्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं. काच थंड पाण्यात घालून पाण्याबरोबरच तापू द्यायची आणि उकळून झाल्यावर नळाखाली धरायची नाही, तडकेल. मोटार असलेलं उकळायचं नाही. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, बोटांनी चोळून, खाचांमध्ये जुना मऊ ब्रश. खोक्यावर आयपीएक्स७ लिहिलं असेल तर ती वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी अशी अपेक्षा असते, म्हणजे नळाखाली निर्धास्त धरा. तसं लिहिलं नसेल तर ओल्या फडक्यानं पुसायचं आणि चार्जिंगच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही. सेलवर चालणारं असेल तर ठेवून देताना सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलचं पाणी त्वचेला लागलं की भाजतं.

जंतुनाशकं नकोत. बाटलीतलं पिवळं, पांढरं, पाइनच्या वासाचं, काहीच नको. वस्तूवर जे राहील ते आत जाणार. तीच गोष्ट शरीराची. योनीचा सामू (पीएच) साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आंबटाकडे झुकलेला. तो तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू सांभाळतात. आंघोळीचा साबण अल्कली. तो आत घालून "स्वच्छ" करणाऱ्या बायका बुरशीचं क्रीम न्यायला महिन्याभरात परत माझ्याकडेच येतात. धंद्याला बरं आहे, पण नको. वस्तू धुवा. आतून स्वतःला धुऊ नका.

वंगण म्हणून लावायच्या जेलचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे, विशेषतः कोकणातून आलेल्या घरांत, सगळ्यावर उपाय म्हणजे खोबरेल. केसांना, टाचांना, बाळाच्या टाळूला आणि इथेही. खोबरेल वाईट नाही, पण लॅटेक्सच्या कंडोमला कुठलंही तेल लागलं की तो काही मिनिटांत कमकुवत होतो, आणि मग फाटला म्हणून रात्री अकरा वाजता आपत्कालीन गोळीसाठी शटर वाजवलं जातं. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं जेल लावू नये, पृष्ठभाग बिघडू शकतो. शंका असेल तेव्हा पाण्याचं, म्हणजे तेल किंवा सिलिकॉनऐवजी पाण्यात बनवलेलं. त्यातही सुगंधी, चवीचं, "गरम वाटणारं" नको. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं ना, तसं जास्त घट्ट द्रावण, मुख्यतः ग्लिसरीन भरलेलं, पेशींतलं पाणी ओढून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ च्या टिपणात याचा आकडाही दिला होता : द्रावणाची तीव्रता (ऑस्मोलॅलिटी) शक्यतो किलोमागे ३८० मिलिऑस्मोलच्या आत, आणि तशी जेल सगळीकडे मिळेपर्यंत फार तर १२०० पर्यंत चालवून घ्या. आपल्याकडच्या ट्यूबांवर हा आकडा मला क्वचितच दिसतो. म्हणून मी घटकांची यादी वाचते आणि ग्लिसरीन पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर दुसरी ट्यूब काढते.

एवढं सांगून झालं की मला वाटतं संपलं. संपत नाही. कारण खरी अडचण धुण्याची नाहीच, वाळवण्याची आहे.

वन रूम किचनमध्ये पाच माणसं. बाथरूमच्या दाराला कडी, पण बाहेर कुणीतरी टॉवेल घेऊन उभंच. अशा घरात घाईघाईनं धुतलेली वस्तू ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली जाते आणि साड्यांच्या मागे जाते, डांबरगोळ्यांच्या शेजारी. वर जुलै महिना. आमच्याकडे जुलैत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे ओल्या पिशवीची काय कथा. एकीनं मला फोटो दाखवला होता : दोन वेगवेगळ्या वस्तू, एक सिलिकॉनची आणि एक टीपीईची, एकाच पिशवीत राहून एकमेकींना चिकटलेल्या, वितळल्यासारख्या. "काकू, यांचं लग्न लागलं," ती म्हणाली. आम्ही दोघी इतक्या हसलो की पोऱ्या आतून बघायला आला.

लपवायचं असेल तर लपवा, माझी काही हरकत नाही. प्रत्येक गोष्ट दर्शनी कपाटात मांडायची नसते. फक्त कोरडं करून लपवा. स्वच्छ सुती रुमालानं टिपायचं, मग दार लावून आपण कपडे बदलतो तेवढा वेळ तरी पंख्याखाली. जुन्या ओढणीची नाडीची पिशवी शिवायची, प्रत्येक वस्तूला वेगळी. औषधांच्या डब्यांत त्या सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्यातली एखादी आत टाकायची. डांबरगोळी अजिबात नाही. मासिक पाळीच्या कपनं या बाबतीत फार उपकार केले आहेत : तोही सिलिकॉनचाच, तोही उकळायचा, आणि आता बऱ्याच घरांत त्यासाठी एक छोटं वेगळं पातेलं असतं. त्यात आणखी काय उकळतं, हे कुणी विचारत नाही.

काही जण विचारतात, हे सगळं कायद्यात बसतं का. अश्लील वस्तूंचा कायदा जुना आहे आणि त्याच्या धाकानंच खोक्यावर "बॉडी मसाजर" छापतात. म्हणूनच वस्तू कशाची आहे ते नीट लिहिलेलं नसतं. अश्लील वस्तूंच्या आयातीला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या अधिसूचनेचा आधार घेऊन कस्टम्सनं असा माल अडवला होता, तेव्हा मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अधिकाऱ्याचं म्हणणं मान्य केलं नाही. मसाजरचा कुणी दुसरा उपयोग करील या कल्पनेवर तो अश्लील ठरत नाही.

आणि "काकू, तुम्हाला लाज नाही का वाटत?" हेही विचारलं गेलंय, एका शेजारणीकडून. सुरुवातीला वाटायची. मग मला र. धों. कर्वे आठवतात. १९२१ साली त्यांनी याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही कर्व्यांना दंड झालाच. मी तर दुपारी तीन वाजता, पंख्याखाली, एका माणसाला एक उत्तर देते. माझ्यावर कोण खटला भरणार?

गेल्या महिन्यात सत्तरीचे एक काका आले. गोळ्या नाहीत, खोकला नाही, सरळ पिशवीतून खोका काढून काउंटरवर ठेवला. बायकोला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन दिलं होतं. त्यानंतर योनीमार्ग आखडतो, तो आखडू नये म्हणून डॉक्टरांनी डायलेटर, म्हणजे आत घालायच्या गुळगुळीत कांड्या, सांगितले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत चार. ती स्वतः यायला तयार नव्हती. मी खोका वाचला. सिलिकॉन, मोटार नाही. पाण्याचं जेल दिलं. काकांनी विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं : आधी साबण, मग उकळत्या पाण्यात.

"किती मिनिटं?"

"दहा धरा."

"म्हणजे अंडं उकडतो तसं."

"हो," मी म्हटलं, "पण पातेलं वेगळं घ्या हो काका."