बावन्नावं नाव

२६ जून २०१५च्या पहाटे मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर पहिल्या पाळीला होते. भारत नुकताच बांगलादेशात वनडे मालिका हरला होता, विम्बल्डन तोंडावर आलं होतं, आणि डेस्कवर त्याच गप्पा चालू होत्या. कोपऱ्यातल्या टीव्हीवर मी ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमधून चाललेला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट लावला, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणी बघतच नव्हतं. मी मात्र नागपूरला शाळेत असताना बास्केटबॉल खेळलेली. त्या वर्षी ड्राफ्टच्या यादीत पंजाबच्या सतनाम सिंग भामराचं नाव होतं आणि त्या एका नावासाठी मी ही पाळी मागून घेतली होती.

ड्राफ्टचा प्रकार सोपा आहे. लीगमधले तीस संघ आळीपाळीने नव्या पोरांना निवडतात. फेऱ्या दोन, नावं साठ. पहिली फेरी कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर वाचतात, दुसरी त्यांचे उपकमिशनर मार्क टेटम. पहिलं नाव कार्ल-अँथनी टाउन्सचं आलं. केंटकी विद्यापीठात एकच वर्ष खेळलेला मुलगा, मिनेसोटाने घेतला. दुसरा डी'अँजेलो रसेल, तोही कॉलेजात एक वर्ष. तिसरा जलील ओकाफोर, तसाच. पहिली फेरी संपली, आमच्याकडे उजाडलं, चहा येऊन गेला. चाळीस नावं झाली, पंचेचाळीस झाली. पन्नाशीनंतर मला वाटू लागलं की राहिलं आता.

बावन्नाव्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सची पाळी आली आणि टेटम यांनी सतनामचं नाव वाचलं. मी खुर्चीवरून उठून ओरडले. राजकीय डेस्कवरच्यांना वाटलं, कुणीतरी राजीनामा दिला.

पुढच्या पाच मिनिटांत सगळा विभाग माझ्याभोवती जमला. वृत्तसंपादकांनी मोबाइल अलर्टची ओळ स्वतः टाइप करून मला दाखवली: ‘एनबीएमध्ये खेळणारा पहिला भारतीय’.

“सर, खेळणारा नको. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, असं करू या.”

“अगं, निवडला म्हणजे खेळणारच ना? लोकांना ड्राफ्ट काय कळतोय!”

“नाही सर, खेळेलच असं नाही.”

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार ठरलेला असतो, पहिल्या दोन वर्षांच्या पैशांची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला कसलीच हमी नाही. संघाकडे फक्त त्याच्याशी करार करण्याचा हक्क येतो. करायचा की नाही, हे उन्हाळ्यातल्या सराव स्पर्धा आणि शिबिर बघून ठरतं. शिवाय तीनच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून मैदानात उतरला होता. टोरोंटोत वाढलेला, पंजाबी आईवडिलांचा कॅनेडियन मुलगा. भारतीय वंशाचा एनबीएमध्ये खेळलेला पहिला तो. हे सगळं मी उभ्याउभ्या सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि ओळ बदलली. मग विचारलं, “किती कोटी मिळणार, ते तरी टाक.” तेही टाकता येणार नव्हतं, कारण करारच नव्हता. त्यांचा चेहरा पडला खरा, पण त्यांनी आकडा घातला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

दुपारी पानाचं काम सुरू झालं. आमचा आर्टिस्ट साठ नावांचा तक्ता लावत होता. क्रमांक, खेळाडू, संघ, आणि शेवटचा रकाना कॉलेज किंवा देश. तक्ता भराभर भरत गेला: केंटकी, ओहायो स्टेट, ड्यूक, लॅटव्हियाचा पोर्झिंगिस, क्रोएशियाचा हेझोन्या. सातव्या क्रमांकाच्या इमॅन्युएल मुडिए याच्यापाशी तो थांबला, कारण हा अमेरिकेत शाळा संपवून कॉलेजला न जाता चीनमध्ये ग्वांगडाँगच्या संघाकडून पैसे घेऊन खेळला होता. मी ‘चीन’ टाकायला सांगितलं. बावन्नला आल्यावर तो पुन्हा वळला.

“ह्याचं कॉलेज?”

“नाही.”

“मग भारत टाकू?”

भारत टाकूनही भागत नव्हतं. सतनाम गेली पाच वर्षं फ्लोरिडात ब्रॅडेंटनच्या आयएमजी अकॅडमीत होता, आणि ती शाळा आहे. शेवटी आम्ही रकान्यात शाळेचंच नाव छापलं. साठ ओळींत शाळेचं नाव असलेली ती एकच ओळ, आणि माझ्या मते त्या दिवसाची खरी बातमी तीच होती.

१९९५ साली केव्हिन गार्नेट शिकागोच्या शाळेतून थेट एनबीएत गेला. पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट, २००३मध्ये लेब्रॉन जेम्स. त्यांच्या मागोमाग शाळकरी पोरांची रीघ लागली, आणि त्यातली कितीतरी बाकावर बसून संपली. २००५मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात नवा करार झाला: त्या वर्षात एकोणीस पूर्ण हवीत आणि शाळेची बॅच बाहेर पडून वर्ष झालेलं हवं. तेव्हापासून हुशार पोरं एक वर्ष कॉलेजात काढतात आणि निघतात. या अटी पूर्ण करून, पण मधे कॉलेज किंवा दुसरी लीग न खेळता, २००५नंतर शाळेतून थेट ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू म्हणजे आपला सतनाम. गार्नेट-लेब्रॉनसारख्या दिग्गजांच्या रांगेत नाव आलं म्हणून डेस्कवर आनंद झाला. माझ्या पोटात मात्र कालवलं.

संध्याकाळी नागपूरला माझ्या सरांना फोन केला. आयुष्यभर शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर पोरापोरींना लेअप शिकवलेला माणूस. बातमी त्यांना कळलेली होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पोट्ट्याचं कॉलेज कोन्तं?”

“कॉलेज नाही सर. शाळेतूनच.”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सात फूट दोन इंचाचं पोट्टं, अन् त्याले मॅचेस कोन देईन आता?”

सरांनी नेमकं बोट ठेवलं होतं. सतनाम बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लोके गावचा. वडील बलबीर सिंग स्वतः सात फुटांच्या आसपासचे, शेती आणि पिठाची गिरणी. मुलगा लहान असतानाच त्याला लुधियाना बास्केटबॉल अकॅडमीत धाडलं. तिथे सुब्रमण्यन सरांनी त्याला घडवलं; २०१३ साली ते गेले, हा दिवस त्यांना दिसला नाही. २०१०मध्ये आयएमजी-रिलायन्सची शिष्यवृत्ती मिळून सतनाम चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला, तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. अमेरिकी कॉलेजच्या पहिल्या श्रेणीत खेळायचं तर नववीपासूनचे सोळा ठरावीक विषय लागतात: इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र. त्यात ठरावीक सरासरी लागते. पंजाबी माध्यमातून आलेल्या मुलाला ती पात्रता गाठता आली नाही. थोडक्यात, गार्नेट-लेब्रॉनसारखा तो कॉलेजच्या पलीकडे पोहोचला म्हणून थेट आला नव्हता. कॉलेजचं दार बंद होतं म्हणून आला होता. कॉलेजात गेला असता, तर दोन-तीन मोसम भरलेल्या हॉलमध्ये, आपल्याच वयाच्या दांडग्या पोरांशी टक्कर घेत खेळला असता. चुका करायला मोकळीक मिळाली असती. त्याऐवजी एकोणिसाव्या वर्षी समोर पोटापाण्यासाठी खेळणारे पुरुष उभे राहिले.

आणि वेळही उलटी होती. ड्राफ्टच्या जेमतेम दहा दिवस आधी गोल्डन स्टेट वॉरियर्सने अजिंक्यपद जिंकलं होतं. अंतिम मालिकेत पिछाडीवर असताना त्यांनी आपला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सात फुटी अँड्र्यू बोगट बाकावर बसवला, इगुओडालाला सुरुवातीला उतरवलं, आणि मालिका फिरवली. धावणारे, लांबून बास्केट टाकणारे, कुणालाही अडवू शकणारे खेळाडू आता संघांना हवे होते. सतनामचं वजन १३० किलोच्या आसपास. चेंडू अलगद हाताळणारा, जवळून नेम चांगला, पण पाय संथ. पंधरा वर्षं आधी असा मुलगा कुठल्याही प्रशिक्षकाने आनंदाने घेतला असता.

पानावर मी हे सगळं लिहिलं. बल्लोके, लुधियाना, ब्रॅडेंटन, बंद दार, आणि पुढे काय काय व्हावं लागेल ते. वृत्तसंपादकांनी एक ओळही कापली नाही. काही वाचकांना माझा लेख रडका वाटला; दोघातिघांनी फोन करून सांगितलंही की एवढ्या मोठ्या दिवशी शंका कशाला काढायच्या. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की हा लेख नागपूर, पुणे, नागपाड्यातली कोर्टावर घाम गाळणारी पोरं वाचणार आहेत. आपल्याकडे तेव्हा बास्केटबॉलमधलं करिअर म्हणजे रेल्वे, बँक, ओएनजीसीची खेळाडू कोट्यातली नोकरी. त्यापलीकडची वाट कुणी पाहिलेली नव्हती. ती दाखवायची तर तिच्यातले खड्डेही दाखवायला हवेत.

सतनाम डॅलसकडून लास वेगासच्या समर लीगमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या सराव स्पर्धेत, खेळला आणि मग मॅव्हरिक्सच्या दुय्यम संघाकडे, टेक्सास लेजंड्सकडे गेला. तिथे मिनिटं फार थोडी मिळाली. एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे कॅनडातली लीग झाली, २०१९मध्ये उत्तेजक चाचणीत सापडल्यावर दोन वर्षांची बंदी आली, आणि नंतर तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत गेला.

वाट मात्र थोडी बदलली. २०१७मध्ये दिल्लीजवळ एनबीएची अकॅडमी निघाली. २०२०मध्ये तिथून गुरुदासपूरच्या प्रिन्सपाल सिंगला एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या जी लीग इग्नाइटने घेतलं. कॉलेजऐवजी पगारावर एक वर्ष खेळायला देणारा तो संघ होता. २०२१च्या उन्हाळ्यात प्रिन्सपाल समर लीग जिंकणाऱ्या सॅक्रामेंटोच्या चमूत होता. ती बातमी आली तेव्हा मी डेस्कवर नव्या मुलीच्या शेजारी बसले होते. तिने तक्त्यात प्रिन्सपालच्या नावापुढे आपणहून ‘एनबीए अकॅडमी इंडिया’ असं टाइप केलं आणि पुढच्या नावाकडे वळली.