एक्स-रे उभं राहूनच काढायचा असतो

सपाट पाय म्हणून डॉक्टरांनी एक्स-रेला पाठवलं असेल, तर चिठ्ठीवर 'रुग्णाला उभं करून' असे शब्द स्पष्ट लिहून घ्या आणि मगच दवाखान्याबाहेर पडा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे ७ आठवडे वाचले असते. म्हापशाला जाताना कदंबा बस त्या एक्स-रेवाल्यांच्या दारावरून जाते, आणि अजून माझं मस्तक तापतं.

मी डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. २२ वर्षं फळ्यापुढे उभी आहे. गेल्या पौषात मांडावर धालो, म्हणजे आमचा बायकांचा नाच, खेळताना डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कळ आली आणि तिसऱ्या रात्री मी बाजूला बसून राहिले. मुरगळला असेल म्हणून शेक घेतला, लेप लावला. मे महिन्यात मुलगी मागून चालत होती, ती म्हणाली, "आई, तुझ्या डाव्या पायाची बोटं मला मागून दिसतायत, उजव्याची नाही दिसत." चप्पल पाहिली तर डावी आतल्या अंगाने पार झिजलेली.

हाडांच्या डॉक्टर भेटल्या त्या चांगल्या. एका पायावर उभं राहून टाच उचला म्हणाल्या. उजवी उचलली, डावी जमिनीवरून हलेना. दोन्ही पायांच्या चवड्यांवर मिळून उभी राहिले तेव्हा मात्र डाव्या तळव्याला मधोमध थोडी कमान आली. म्हणजे पाऊल अजून लवचीक आहे, ताठरलेलं नाही. पोटरीतल्या टिबियालिस पोस्टेरिअर स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आतल्या घोट्यामागून वळसा घेऊन तळव्याखाली जाते आणि कमान उचलून धरते. चाळिशीनंतर ती झिजू शकते. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, शिवाय वजन, मधुमेह आणि रक्तदाब त्यात भर घालतात. मला मधुमेह आहे. सपाट पाय जन्मापासूनच असतात अशीच माझी आजवरची समजूत होती. तान्ह्या मुलांचे पाय सपाटच असतात, कमान पुढे काही वर्षांत भरत जाते. मोठेपणीही पाय सपाट पण लवचीक असेल आणि दुखत नसेल, तर काहीच करावं लागत नाही.

मग एक्स-रे. चिठ्ठीच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी 'डब्ल्यूबी' अशी दोन अक्षरं लिहिली होती. पायावर वजन देऊन, असा त्याचा अर्थ. तो मला तेव्हा ठाऊक नव्हता, आणि एक्स-रे काढणाऱ्याने विचारलं नाही. "बाय, झोपा टेबलावर," म्हणाला, झोपले. रिपोर्ट आला: दोष नाही. घरी यजमानांनी तो वाचला आणि म्हणाले, "मग दुखतंय काय नेमकं?" त्या प्रश्नाने मला पायापेक्षा जास्त दुखलं. पुढची तारीख २ आठवड्यांनी. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि लगेच म्हणाल्या, "हा झोपवून काढलाय, याचा मला उपयोग नाही."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. घोट्याच्या हाडाच्या मधून एक रेघ ओढायची आणि अंगठ्यामागच्या लांब हाडातून दुसरी. बाजूने पाहिलं तर या दोन्ही जवळजवळ सरळ एका ओळीत हव्यात. ४ अंशांहून जास्त खाली मोडल्या तर कमान बसली आहे. पण झोपलेल्या माणसाच्या पायावर अंगाचा भारच नसतो, मग ती बसणार कशी?

दुसऱ्यांदा गेले ते काउंटरवरच सांगितलं, उभं राहून हवा. "आमच्याकडे असाच काढतात." मी हट्ट धरला तेव्हा मला टेबलाच्या कडेला बसवून पाय प्लेटवर दाबायला लावला आणि हेच वजन म्हणून सांगितलं. मी विश्वास ठेवला. पुन्हा पैसे भरले, पुन्हा 'दोष नाही', पुन्हा २ आठवड्यांची तारीख, आणि डॉक्टरांची मान पुन्हा नकारार्थी हलली. परत जाऊन पैसे मागितले, तर "डॉक्टरांनी तसं लिहिलंच नव्हतं." मी 'डब्ल्यूबी' वर बोट ठेवलं. त्याला तो वॉर्डचा नंबर वाटला होता! मी विद्यार्थ्यांच्या वहीतलं न कळलेलं अक्षर त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. इथे माणसाच्या दुखण्याचा निकाल त्या अक्षरावर होता.

हा सगळा वेळ मी शाळेत उभीच होते, हे जास्त वाईट. कंडरा अशीच झिजत राहिली तर पाऊल ताठर होतं आणि गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत, टाचेचं हाड कापून सरकवण्यापर्यंत जाऊ शकते.

तिसऱ्या वेळी मी आधी फोन केले, आणि एकच प्रश्न विचारला: "रुग्णाला उभं करायला ठोकळा आहे का?" यंत्राची नळी बहुतेक ठिकाणी जमिनीलगत खाली येत नाही, म्हणून रुग्णाला लाकडी ठोकळ्यावर उभं करून पायांच्या मध्ये प्लेट धरावी लागते. हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. चौघांनी उडवून लावलं. पणजीत एका ठिकाणी लगेच हो म्हणाले. ५ मिनिटांचं काम. झोपून काढलेल्यात कोन ३ अंश होता, या फिल्मवर १६. पाय तोच. मी ती फिल्म यजमानांपुढे ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पाण्याची कळशी त्यांनी उचलली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. बुटात घालायचा इनसोल मापाने करून घेतला. बाजारातल्या मऊ जेलच्या गाद्यांवर मी पैसे घालवून बसले होते, त्यांनी कमान उचलली जात नाही. आधार घट्ट हवा आणि टाच बसायला खोलगट वाटी हवी. पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग वेळ वाढवा. बूट घेताना दोन्ही हातांनी वाकवून पाहा. तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडत असेल तर ठेवून द्या. पावसात इनसोल रोज रात्री काढून पंख्याखाली वाळवा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, आणि बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायचं, हे व्यायाम मी सकाळी चहा उकळेपर्यंत करते. घरातल्या टाइल्सवर अनवाणी फिरणं बंद केलं, स्वयंपाकघरासाठी वेगळी चप्पल ठेवली आहे.

हो, घरी पाहायचं तर ओला पाय कोरड्या लादीवर टेकवा. मधला भाग कोरडा न राहता अख्खा तळवा उमटला तर कमान बसलेली असू शकते. माझे दोन्ही ठसे वेगवेगळे उमटले तेव्हाच मी जायला हवं होतं.

चवथीला नेवऱ्या तळायला मी दोन तास उभी राहिले, मध्ये फक्त एकदा बसले. काल डावी टाच एका पायावर ३ वेळा उचलली गेली. पुढचा एक्स-रे जानेवारीत आहे, पणजीला, ठोकळ्यावर.